मोहफुलांचं वकीलपत्र

आमच्या भाटव्यांइतके खटले जिंकलेला वकील उभ्या झाडीपट्टीत दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका कायद्याचा गंध नसलेला माणूसही सापडायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. आमच्या थोरल्या ताईला गोंडपिपरीकडे दिली, तिचा हा नवरा. धान घरात आलं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगाव मंडई भरते, पाहुण्यारावळ्यांनी घरं फुगतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकाला नायिकेवरचा आळ लागतो, खलनायकाच्या मिशा लागतात आणि शेवटच्या अंकात कोर्ट लागतं. या कोर्टात काळा कोट घालून उभा राहणारा, नायिकेला निर्दोष सोडवणारा आणि पंचक्रोशीतल्या बायांना पदराने डोळे पुसायला लावणारा वकील म्हणजे आमचे भाटवे. तरुणपणी एकदा हा पार्ट मिळाला, तो केस पिकले तरी त्यांनी सोडला नाही. कंपन्या बदलल्या, नायिका बदलल्या, नायिकांच्या मुली नायिका झाल्या, वकील तोच. आणि इतक्या वर्षांत एक केस हरले नाहीत. लेखकानेच तसं लिहिलं होतं असं मी एकदा म्हणालो, तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

बरं, माणसाने कोट रंगपटात काढून ठेवावा की नाही? भाटव्यांचा कोट खुंटीवर असायचा, पण वकिली अंगातच राहायची. त्यांच्यासोबत एसटीत बसणं म्हणजे शिक्षा. कंडक्टरने तिकीट मागितलं की हे आधी उभे राहणार, एक हात छातीशी नेणार आणि म्हणणार, "तत्पूर्वी मला साक्षीदाराला एकच प्रश्न विचारायचा आहे. गाडी चंद्रपूरले किती वाजता पोचते?" मागच्या सीटवरून कोणीतरी ओळखायचं, "अरे, हे तं नाटकातले वकीलसाहेब!" मग साऱ्या गाडीत हशा, आणि कंडक्टर बिचारा साक्षीदार होऊन उत्तर द्यायचा. भाजीबाजारात वांगी घेताना ते वांग्याची उलटतपासणी घेत. ताईने भाजीत मीठ जास्त टाकलं तर सरळ तक्रार करतील तर शपथ. "घटनेच्या वेळी मिठाचा डबा कोणाच्या ताब्यात होता?" अशी सुरुवात. ताई म्हणायची, "गिळा मुकाट्यानं." तेवढ्यापुरतं कामकाज तहकूब.

त्यांची खरी खोड मात्र दुसरीच. एक बाजू मांडून त्यांचं पोट भरत नसे. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात वरात इतकी उशिरा आली की आमच्याकडचा भात पार गारढोण झाला, आणि त्यावरून मांडवात जुंपली. आम्ही मोठ्या आशेने भाटव्यांना पुढे केलं. काय बोलले म्हणता! मुलीच्या बापाची तगमग, चुलीजवळ घामाघूम झालेल्या बाया, उपाशी बसलेली म्हातारी माणसं... वरपक्षाच्या माना खाली गेल्या. तिथेच थांबावं ना! पण वरपक्षाच्या बाजूने धड बोलणारा कोणी नाही हे पाहून त्यांच्यातला न्याय जागा झाला. "परंतु महोदय, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल कसा?" असं म्हणत ते मांडवाच्या त्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि स्वतःच्याच भाषणाच्या चिंध्या केल्या. रस्त्यात पंक्चर झालेली गाडी, ऊन, तहानलेला पोरसवदा नवरदेव... शेवटी आमच्याच काकांनी हुंदका देऊन व्याह्यांची माफी मागितली. गार भात आम्हीच खाल्ला. मी चिडून म्हणालो, "भाटवे, तुम्ही आमचे की त्यांचे?" तर मला, म्हणजे आपल्या साळ्याला, म्हणतात कसे, "साळेबाबू, खरा वकील असतो तं एकाचाच असतो. मी खोटा आहो, म्हून दोघांचा."

हे "खोटा आहो" त्यांच्या तोंडी सारखं येऊ लागलं ते एका सकाळपासून. गडचिरोलीकडे जंगलातल्या एका गावी मंडईचं नाटक झालं होतं. सकाळी मंडळी रंग पुसून चहा घेत बसली होती. तिथे एक म्हातारी आली. तिने सगळ्यांना एकेक करून निरखलं आणि भाटव्यांसमोर येऊन हात जोडले. "जोहार, वकीलसाहेब." तिची गोष्ट साधी होती. तिच्या सासऱ्याने कसलेलं रान नवऱ्याने कसलं, नवरा गेल्यावर ती कसते. त्या रानाचा कागद तिच्या नावावर व्हावा म्हणून ती हाफिसात जाते, आणि हाफिसातले तिला उद्या ये म्हणतात. "त्या पोरीवरचा आळ तू काढला. तिच्या बाजूनं बोलला. आमच्या बाजूनं कोणी बोलत नाई, बापू." आणि पदराची गाठ सोडून तिने ओंजळ भरून वाळलेली मोहफुलं त्यांच्या हातात ओतली. आपल्याकडे नाही का, काम सांगायला रिकाम्या हाताने जात नाहीत.

भाटव्यांनी ती परत तिच्यापुढे धरली. "माय, मी नाटकातला वकील आहो. खोटा." म्हातारीने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू हा काहीतरी फालतू अडचण सांगतो आहे. म्हणाली, "खोटा असून एवढा बोलते, तं खरा झाला तं केवढा बोलशीन! मंग होय ना खरा. मी थांबतो." आणि निघून गेली. मोहफुलं परत घ्यायला ती थांबलीच नाही.

ती मोहफुलं भाटव्यांनी घरी आणली. मला वाटलं होतं, ताई शेंगदाण्यांसोबत भाजून मूठमूठ खायला देईल. कसलं काय! बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ती बंद झाली, आणि त्या डब्याला हात लावायची घरात कोणाला परवानगी राहिली नाही. पावसाळा सरला की ताई ती सुपात पसरून ऊन दाखवायची आणि पुन्हा डब्यात भरायची. भाटवे त्या डब्याला वकीलपत्र म्हणत.

आणि मग सुरू झाला तो खटला. कायद्याच्या कॉलेजात जावं की जाऊ नये? भाटवे बी. ए. झालेले, वयाची अट नाही, वाट मोकळी होती. पण हा प्रश्न इतर माणसं जशी सोडवतात, म्हणजे चार लोकांना विचारून, बेरीज-वजाबाकी करून, तसा भाटवे सोडवतील तर ते भाटवे कसले? अंगणात कोर्ट भरायचं. न्यायाधीश ताई. तिच्या हातात तांदळाचं सूप. नको म्हणणारा वकील बाजेवर बसे, हो म्हणणारा धानाच्या ढोलीजवळ उभा राही, आणि दोन्ही वकील भाटवेच असल्यामुळे बाजेवरून ढोलीकडे आणि ढोलीकडून बाजेकडे त्यांची येरझार चाले. मी दिवाळीला जायचो तेव्हा हे प्रेक्षक म्हणून पाहिलेलं आहे.

"महोदया," बाजेवरचा वकील सुरू करी, "या माणसाचं वय पाहावं. हा शिकून बाहेर पडन तोवर यानं दात कुठी ठेवले ते याले आठवणार नाई. कॉलेज हिवाळ्यातही असते, नाटकाचा हंगाम तं हिवाळ्यातच. पार्ट एकदा सुटला तं सुटला. इथी सारी झाडी याले ओळखते, तिथी याले बेंचावर बसाची जागा कोणी देणार नाई. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोर्टात टाळ्या वाजत नाईत!" मग ढोलीजवळचा वकील आत जाई, डबा आणी, झाकण उघडून न्यायाधीशांच्या नाकासमोर धरी. "मुद्देमाल," एवढंच म्हणे. अंगणभर तो गोडसर, आंबूस वास पसरे. आणि मग तो असा काही बोले की बाजेवर कोणी नसूनही बाजेवरचा वकील निरुत्तर झाल्यासारखा वाटे. पण लगेच बाजेवर जाऊन त्याचंही उत्तर तयार. ताई शांतपणे खडे वेचत ऐकायची आणि शेवटी सुपावर थाप मारून म्हणायची, "पुढची तारीख. चला, जेवाले बसा."

तारखा पडत गेल्या. वर्षं गेली. कायद्याच्या प्रवेशाची परीक्षा दरसाल असते, आणि भाटवे दरसाल ती देत. पहिल्यांदा गेले तेव्हा दारावरच्या माणसाने, "पालकांनी बाहेर थांबायचं," म्हणून अडवलं. हे काय गप्प बसतात? पालक आणि परीक्षार्थी यांतला भेद त्यांनी तिथेच, भर उन्हात, अशा भारदस्त आवाजात विशद केला की रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पास व्हायचे, नंबरही लागायचा. पण प्रवेश घ्यायची वेळ येई तेव्हा नेमका वडशाहून नाटककंपनीवाला दारात हजर. "भाऊ, तुमच्याबिगर कोर्टाचा सीन कोण करन? लोक खुर्च्या फेकतीन." झालं! त्या सालचं कॉलेज बुडालं. कोट पुन्हा खुंटीवरून अंगावर, आणि डबा पुन्हा फळीवर.

एकदा मीच म्हणालो, आधी खरं कोर्ट डोळ्यांनी पाहा, मग ठरवा. मी चंद्रपुरात राहतो, शाळेत शिकवतो, माझा एक मित्र वकील आहे. त्याच्यासोबत भाटव्यांना कोर्टात पाठवलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, कपाळाला गंध लावून हे गेले. दुपारी घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. चपला न काढताच पायरीवर बसले. "साळेबाबू, एक वकील उभा झाला, म्हणे, वेळ मिळावा. साहेब म्हणाले, बरं. संपलं! दुसरा उभा झाला, तोही म्हणे, वेळ मिळावा. अरे, संवादच नाई! कोण लेखक आहे याचा?" सोबत आलेला माझा मित्र हसून लोटपोट झाला. म्हणाला, "भाऊ, वकिली म्हणजे बोलणं नाई, थांबणं आहे. तुमाले जमणार नाई. नाटकच बरं." भाटव्यांनी त्यावर वाद घातला नाही. पण संध्याकाळी गाडीत बसताना मला म्हणाले, "थांबणं तं ते म्हातारी करून राह्यली."

मला वाटलं, उतरला हा नाद. मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? मला त्यांचा शेवटचा अंक फार आवडायचा. कुठे कुठे जाऊन पाहिलाय मी तो. सगळ्या जगाने पाठ फिरवलेल्या त्या नायिकेकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "हिच्या बाजूनं मी आहे," आणि आमच्यासारख्या नोकरदार, घाबरट माणसालाही वाटायचं की आपल्याही बाजूने कुठेतरी कोणीतरी आहे.

मागच्या हंगामात त्या म्हातारीच्या गावाने पुन्हा त्याच कंपनीला बोलावलं. भाटवे गेले. दुपारी शंकरपटात बैलांच्या जोड्या धुरळा उडवत होत्या, आणि त्या गर्दीत म्हातारी त्यांना शोधत आली. आणखी वाकलेली, हातात काठी, पण डोळे तसेच. "जोहार, वकीलसाहेब. झाला काय खरा?"

भाटवे म्हणाले, "शिकून राह्यलो, माय." आता हे पूर्ण खोटंही नव्हतं आणि खरं तर नव्हतंच. तेवढ्यात तिची सून बोलली. गडचिरोलीहून एक तरुण वकीलबाई गावात येऊन गेली होती. चांगली पोरगी. घरोघर बसून तिने सगळ्यांचे रानाचे दावे भरले. सगळ्या गावाने अंगठे दिले. एकट्या म्हातारीने दिला नाही. "किती समजावलं, भाऊ. आयकतच नाई. म्हणते, मी माझ्या वकिलाले मोहा देऊन बसली. तो शिकून राह्यला. त्याले सोडून दुसऱ्याले अंगठा देन तं त्याले काय वाटन?"

म्हणजे इतकी वर्षं आमचे भाटवे अंगणात दोन्ही बाजू रंगवत होते, आणि तिकडे म्हातारी, दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून, स्वतःचं नुकसान करून घेत बसली होती. मोहफुलं दिली, ती घेतली, म्हणजे झालं ठरलेलं. आपल्याकडे दिलेल्या-घेतलेल्याला मागे-पुढे नसतं. भाटव्यांना हे कळायला नको होतं का? मला हे ऐकून त्यांचा राग आला होता, आणि रडूही आलं होतं.

त्या नाटकाला मी नव्हतो. कंपनीच्या ऑर्गनवाल्याने मला सांगितलं ते सांगतो. कोर्टाचा सीन आला. नायिका पिंजऱ्यात उभी. भाटवे उठले, कोट सारखा केला, पुढे आले. समोर पहिल्या रांगेत म्हातारी बसलेली. भाटव्यांनी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. ऑर्गनवाल्याने सूर धरून पाहिला, आतून वाक्य सांगितलं गेलं, न्यायाधीशाने खोकून पाहिलं. शेवटी भाटवे हात जोडून म्हणाले, "महोदय, माझी तयारी नाई. मला वेळ मिळावा." लोकांना वाटलं नवीन विनोद घातलाय, लोक पोट धरून हसले. म्हातारी तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या गाडीतून परतले नाहीत. म्हातारीला घेऊन गडचिरोलीला त्या वकीलबाईकडे गेले. तिथेही म्हातारी अंगठा देईना. शेवटी तिने अट घातली. "कागद या पोरीजवळ राहू दे. पण सायबापुढं बोलाचं तूच. तवा तू खरा झालेला पायजेन." भाटवे हो म्हणाले. मग कुठे दावा दाखल झाला. आता सुनावणी यायची तेव्हा येईल. आपल्याकडच्या तारखांचं काय सांगावं, उद्याही येईल आणि नातवंडांच्या लग्नातही येईल.

घरी आले ते बाजेवर गप्प बसून राहिले. ताईने सूप काढलं, तांदूळ घेतले, वाट पाहिली. "आज कोर्ट नाई भरत काय?"

"वकील नाई आला," भाटवे म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग ढोलीकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं. "इतकी वर्षं दोघंही सारखेच भांडत होते, म्हून तारखा देत होती. आज नोको म्हणणारा चूप आहे. मंग निकाल आयका." आणि सुपावर अशी थाप मारली की तांदूळ अंगणभर उडाले. "जा तुमी. धानाचं मी पाहून घेईन. जा."

म्हणून सध्या आमचे भाटवे माझ्याकडे राहतात, चंद्रपुरात. कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहेत. वर्गातली पोरं त्यांना आधी सर समजून उभी राहायची, आता "काका" म्हणतात आणि मागच्या बाकावर त्यांना कोपऱ्यातली जागा राखून ठेवतात. सरावाच्या कोर्टात ते पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत जमली. प्राध्यापक म्हणाले, "काका, फार सुंदर. आता हेच चार वाक्यांत सांगा. आणि हळू." भाटवे आता ते शिकताहेत. हळू बोलणं, थोडं बोलणं. घरातसुद्धा. ताट वाढताना मी मुद्दाम मीठ विसरतो, तरी उलटतपासणी होत नाही. नुसतं "मीठ" म्हणतात. इतकं सुनं वाटतं म्हणून सांगू! ज्या बडबडीने आम्ही एसटीत तोंड लपवायचो, तिच्यासाठी आता कान तरसतात.

परवा नाटकाच्या जाहिरातीचा ऑटो आमच्या गल्लीतून गेला. भोंग्यावर नायिकेचं नाव, खलनायकाचं नाव, आणि मग "वकिलाच्या भूमिकेत" म्हणून कोणा नव्या पोराचं नाव. भाटवे हातात पुस्तक घेऊन दारात आले. ऑटो वळणावर जाईपर्यंत उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला ते भाषण पाठ आहे, त्यामुळे कुठलं वाक्य चाललंय ते मला कळत होतं. मी विचारलं, "भाटवे, पस्तावा होते काय?" ते म्हणाले, "दोन्ही बाजू सांगू काय?" मी म्हणालो, "सांगा ना!" मी खुर्ची ओढून बसलोसुद्धा. पण ते हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या, साळेबाबू. परीक्षा आहे."

लोक मला विचारतात, या वयात कायदा शिकून काय मिळणार? मी काय सांगू? त्यांच्या टेबलावर पुस्तकांच्या बाजूला तो पत्र्याचा डबा आहे. दर रविवारी दुपारी ते म्हातारीच्या सुनेला फोन लावतात. तिच्या गावी रेंज पाण्याच्या टाकीजवळच येते, म्हणून ती ठरलेल्या वेळी तिथे येऊन थांबते. भाटवे सुनावणीचं विचारत नाहीत. म्हातारी जेवते का, पडली-झडली तर नाही ना, खोकला कसा आहे, तेवढंच विचारतात. या रविवारी म्हातारी स्वतःच काठी टेकत टाकीपर्यंत आली होती. फोनवर काय बोलायचं ते तिला माहीत नसावं, ती ओरडूनच बोलली, मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. "घाई नोको करू, बापू. चांगला पुरा शिकून ये. मी कुठी जाऊन राह्यली?"

जगातल्या कुठल्याही वाक्याला ज्यांच्याजवळ उत्तर असे, ते आमचे भाटवे फोनवर "हाव, माय" एवढंच म्हणाले, आणि जाऊन पुन्हा वाचायला बसले.